लिफ्टजवळच्या बोर्डावरचा फोटो

“कान पकड़िए,” सेक्रेटरी म्हणाला. मी धरले.

गार्डने मोबाईलवर फोटो काढला. फोटोत मी, माझी स्कूटी आणि तिच्या पुढच्या चाकाला घातलेलं पिवळं लोखंडी लॉक. भर दुपारी, गोमती नगरातल्या एका सोसायटीत. चाळीशीला आलेली बाई मी, शाळेतल्या पोरीसारखी कान धरून उभी.

मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. त्या दिवशी नवव्या मजल्यावर ह्याच सेक्रेटरीच्या आईचं रक्त घेऊन खाली आले, तर चाक जखडलेलं. जागा व्हिजिटर पार्किंगची होती. पण सोसायटीचा नियम असा की कामाला येणाऱ्यांनी गाडी गेटबाहेर लावायची. आत लावली की जप्त. मग हाताने माफीनामा लिहायचा, कान धरून फोटो द्यायचा, तेव्हा लॉक निघणार.

मी माफीनाम्यावर पूर्ण नाव लिहिलं. त्याने वाचलं.

“अच्छा, मराठी हैं. कौन-से मराठी?”

हा प्रश्न मी ओळखते. नागपूरहून लखनौला आले, तर तो माझ्या आधीच इथे येऊन बसलेला. मी जात सांगून टाकली. लपवत नाही. मग त्याचं पेन परत द्यायला हात पुढे केला.

“पेन रख लीजिए अपने पास,” तो म्हणाला. हसून.

अंगाचा तिळपापड झाला. पण डब्यातला बर्फ वितळत होता. नमुने खराब झाले असते तर तितक्या माणसांना पुन्हा सुई टोचावी लागली असती. म्हणून कान धरले, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते.

फोटो लिफ्टजवळच्या बोर्डावर लागला. खाली छापलेलं, “अवैध पार्किंग. वाहन ज़ब्त. माफ़ी के बाद छोड़ा.” त्यावर शिक्का आणि सेक्रेटरीची सही. दर आठवड्याला त्याच्या आईचं रक्त घ्यायला जायचं आणि आपल्याच तोंडासमोर लिफ्टची वाट बघत उभं राहायचं. माझ्या मुलीची एक मैत्रीण त्या सोसायटीत राहते. एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, “मम्मी, उसमें आप चोर लग रही हो.”

त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी उठून पोलीस चौकीत गेले. तिथल्या महिला हवालदाराने सगळं ऐकून घेतलं.

“जगह उनकी है, गाड़ी आपकी. हटवानी हो तो हमें बुलाएँ. ताला डालने का हक़ उन्हें किसने दिया?”

एवढंच. इतकं साधं मला माहीत नव्हतं. आणि मला माहीत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात गाडी मुद्दाम आत लावली. जानकीपुरममध्ये आमच्या गल्लीत एक वेल्डर आहे. त्याच्याकडून बॅटरीवरचा कटर मागून आणला होता. रक्त घेऊन खाली आले. लॉक होतंच. कटर लावला. ठिणग्या उडाल्या, लोक गॅलरीत आले. लॉक तुटून पडलं तेव्हा सेक्रेटरी धावत आला.

“औक़ात भूल गई?”

त्याने माझी वेणी धरून मला मागे ओढलं आणि कानाखाली मारली. ओठ फुटला. मी त्याचं मनगट पकडलं. माझी बोटं रोज शिरा शोधतात. नखं रुतवली, ती रक्त आल्याशिवाय काढली नाहीत. त्याने हात हिसडला आणि स्कूटीला लाथ घातली. स्कूटी आडवी. डबा फुटला, नळ्या फुटल्या, फरशीवर लाल ओघळ पसरले.

“इसमें आपकी अम्मा का भी है,” मी म्हणाले.

तो खाली बघत राहिला. मी तिथेच उभी राहून पोलिसांना फोन लावला. नंतर ज्यांचे नमुने गेले त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन माफी मागितली. ती माफी खरी होती.

आता त्याने तक्रार दिली आहे की मी सोसायटीची वस्तू तोडली. तोडली, मी कबूल करते. मीही तक्रार दिली आहे. लॉक, वेणी, थप्पड. पेनसुद्धा लिहून दिलं. सोसायटीत चौकशीला आलेल्या त्याच हवालदार बाईने पुरावा काय, विचारलं तर मी बोर्डाकडे बोट दाखवलं. ‘वाहन ज़ब्त’, त्याच्याच शिक्क्याखाली, त्याच्याच सहीने. तो घाईघाईने बोर्डावरून फोटो उतरवायला गेला, पण बाईने त्याचा हात अडवला. फोटो आता फाईलीत आहे.

परवा त्याच्या आईचा फोन आला. “बिटिया, बात ख़त्म करो. फोटो तो हट गई.”

“अम्मा, ख़ून लेने आऊँगी. शिकायत वापस नहीं लूँगी.”

मुलीला काळजी आहे की कोर्टात तो फोटो सगळे बघतील. बघू देत. मीच हातात धरून दाखवणार आहे, आणि तेव्हा तिला सोबत नेणार आहे. तोवर त्या सोसायटीत माझ्या फेऱ्या चालूच आहेत. गाडी मी आतच लावते.