ही स्वयंपाकघरात हजर

बायको गेली की लोक भिंतीवर फोटो लावतात, चंदनाचा हार घालतात आणि खाली लाल बल्ब लावतात, लिफ्टच्या बटणासारखा. आमच्या हिचा फोटो कपाटात आहे. त्यात तिचे डोळे मिटलेत आणि तिनेच जिवंतपणी दम दिला होता, "हा लावलात ना, तर बघा." त्यामुळे वर्षभर माझी पूजा वेगळी होती. सकाळी चहा घेऊन हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि हिचं नाव टाइप करायचं. कॉम्प्युटर सांगायचा: येते म्हणाली. मंगळवारी, सकाळी सात दहाला, स्वयंपाकघरातून. झालं. मग दाढी, मग दूधवाल्याशी भांडण.

हे नीट सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. आमच्या मजल्यावर तसं म्हणतातच.

मी मरोळच्या एका कारखान्यात होतो. बाटल्यांची झाकणं बनायची. शिक्षण नववी, तीही ढकलत ढकलत. कॉम्प्युटरच्या खोलीत मला घेतलं ते फरशी पुसायला आणि प्रिंटरमध्ये कागद भरायला. खोलीला एसी होता, मग बाहेर कोण मरायला जातंय? बसून बसून बटणं शिकलो. पुढे कारखान्याने गाशा गुंडाळला, मशीन भंगारात निघालं. ते मी मागून घेतलं आणि टेम्पोत घालून घरी आणलं. एक जाड डबा, दोन स्क्रीन, दोन कीबोर्ड.

ही दारात उभी. "ह्याच्यात पाणी गार होतं?"

"नाही."

"कपडे धुतं?"

"नाही गं."

"म्हणजे तुमच्यासारखंच. ठेवा कुठेतरी."

हॉलमध्ये दुसऱ्या स्क्रीनला जागा नव्हती. तो स्वयंपाकघरात गेला, मिक्सरच्या शेजारी. त्याच्यावर तिने क्रोशाचं कव्हर घातलं आणि कव्हरवर कोथिंबीर निवडायला घेतली.

ह्या जुन्या मशीनांवर एक छोटा प्रोग्राम असतो. त्याला इंग्रजीत फिंगर म्हणतात, आम्ही घरात चौकशी म्हणायचो. एकाच मशीनवर दहा जणं काम करायची त्या जमान्यातली सोय. माणसाचं नाव टाकायचं. तो आत असेल तर कुठल्या स्क्रीनवर बसलाय आणि किती वेळ त्याने एकही बटण दाबलेलं नाही, ते चौकशी सांगते. आत नसेल तर शेवटचा कधी आला होता ते. खाली त्या माणसाने स्वतः लिहून ठेवलेली एखादी ओळ. बस्स, एवढंच.

जगात माझ्यासारखे रिकामटेकडे बरेच आहेत. असली जुनी मशीनं चालती ठेवणाऱ्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे. मुलीच्या जुन्या लॅपटॉपवरून मी त्यात शिरलो. आमच्या जातीच्या मशीनची चौकशी सांभाळणारा माणूस कंटाळून निघून गेला, तेव्हा मी हात वर केला. तेव्हापासून ती माझ्या गळ्यात. कुणाच्या मशीनवर तारीख चुकते, कुणाच्या मशीनवर लांबलचक नाव टाकलं की प्रोग्राम झोपतो. ते शोधायचं, दुरुस्त करायचं, सगळ्यांना पाठवायचं. माझं इंग्रजी चार शब्दांचं, त्यामुळे भांडण लवकर मिटतं.

एकदा एकाने लिहिलं, जो माणूस फार दिवस आलेला नाही त्याची तारीख दाखवू नका, नुसतं ‘बरेच दिवस नाही’ म्हणा, बरं दिसेल. दुसऱ्याच्या तारखा पुसल्या गेल्या होत्या, त्याला त्या अंदाजाने भरून हव्या होत्या. दोघांना मी एकच उत्तर पाठवलं: नो. चौकशीने झालं तेवढंच सांगायचं, बरं दिसायचं असेल तर पार्लरमध्ये जा. एवढं इंग्रजीत येईना, म्हणून नुसतं नो.

ही सुरुवातीला मशीनला हात लावेना. मग तिला कळलं की ह्याच्यावर नवऱ्यावर पाळत ठेवता येते. झकास! तिकडे भाकरी थापता थापता एका बोटाने माझं नाव टाकायची आणि ओरडायची, "अहो, पाऊण तास हात हलला नाही तुमचा. झोपलात की मेलात?"

मी खुर्चीत डोळे मिटूनच एक बटण दाबायचो. तिकडे पाऊण तासाचं शून्य व्हायचं.

"खोटारडे!" लगेच तिकडून.

आमच्यापुरती मी प्रोग्राममध्ये मराठी घातली होती, इंग्रजी अक्षरांत. मशीन सोडलेल्या माणसापुढे ‘गेला’, ‘गेली’ असं यायचं. त्यावरून ही खवळली. "घरातून निघताना कुणी जाते म्हणतं का? येते म्हणतात. तेवढं बदला आधी." बदललं. तुमच्या-माझ्या घरातली रीत, ती त्या डब्यालाही लावली.

मग ती हॉस्पिटलात गेली. निघायच्या आधी, पिशवी भरून झाल्यावर, स्टुलावर टेकली आणि आपली ओळ बदलली. ‘बांगडे फ्रीजमध्ये आहेत. जाळू नका.’ तो मंगळवार, सात दहा. परत आली नाही. बांगडे मी जाळले.

बाकी तिचं काय राहिलं म्हणाल, तर साड्या मुलीने नेल्या, चष्मा कुणाच्या कामाचा नाही. हॉस्पिटलातल्या शेवटच्या दिवसांत ती ती नव्हतीच, नळ्या होत्या. सात दहाला मात्र ती धडधाकट होती, स्टुलावर बसून मला दम देत होती. ती वेळ मशीनने लिहून घेतली होती, मी नाही. म्हणून मला ती रोज बघायची असायची.

वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरच्या शनिवारी मुलगी बोरिवलीहून आली. तिला सुट्टी असली की ती माझं स्वयंपाकघर आवरते, म्हणजे मला पुढचे आठ दिवस चहापत्ती सापडत नाही. मी हॉलमध्ये चौकशीतली एक चूक काढत बसलो होतो. चूक निघाली का बघायला नाव टाकून बघावं लागतं. माझ्या हाताला एकच नाव येतं.

टाकलं. स्क्रीनवर आलं: आत आहे. स्वयंपाकघर. हात हलून शून्य मिनिटं.

मी देव फारसा मानत नाही, भूत तर त्याहून नाही. तरी पहिला विचार काय आला सांगू? आता ही विचारणार, फ्रीज शेवटचा कधी पुसलात.

उठलो, आत गेलो. मुलगी स्टुलावर.

"कुणाच्या नावाने बसलीस?"

"आईच्या. बघत होते काय काय ठेवलंय तिने."

"पासवर्ड कुठून आला?"

"बांगडा. बाबा, अख्ख्या मजल्याला माहीत होता."

"तुझं स्वतःचं नाव आहे ना ह्याच्यावर?"

"शाळेत असताना घातलेलंस तू. त्याचा पासवर्ड कुणाला आठवतोय?"

"बाहेर हो."

"का पण?"

"हो म्हणतो ना!"

ती आईच्या नावातून बाहेर पडली. मी हॉलमध्ये येऊन पुन्हा नाव टाकलं, ती मागे उभी. येते म्हणाली. शनिवारी, दुपारी साडेबाराला, स्वयंपाकघरातून. मशीन प्रत्येक माणसाची एकच शेवटची वेळ ठेवतं. नवीन आली की जुनीच्या डोक्यावर बसते. मंगळवार संपला.

"वाट लावलीस," मी म्हटलं.

"कसली वाट? काय गेलं तुझं?"

"तुझी आई गेली."

"ती वर्षापूर्वी गेली, बाबा." असं म्हणून तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग बांगड्यांची ओळ वाचली, मग वरची वेळ. आणि तिला कळलं. ती रडायला लागली. रडताना ओढणीत नाक शिंकरते, आईसारखीच घाणेरडी.

"कॉपी काढून ठेवली असशील ना?"

"आहे. आई हॉस्पिटलात गेली त्याच्या आधीच्या गणपतीतली. त्यात मंगळवार कुठून असणार?"

"मग हाताने घाल. तुझाच प्रोग्राम आहे. तुला विचारणारं कोण बसलंय?"

कोणीच नाही. तेच तर. काम पाच मिनिटांचं होतं. मी वेळ साठवतात ती जागा उघडली, मंगळवार घातला, सात घातले, दहा घातले. फक्त जतन करायचं बटण राहिलं. तिथे बोट अडकलं. ग्रुपवर अंदाजाने तारखा भरून मागणाऱ्या त्या माणसाचा विचार नाही आला, त्याला गेला खड्ड्यात म्हणून सोडून देता आलं असतं. विचार हा आला की उद्या सकाळी चहा घेऊन मी इथे बसणार, नाव टाकणार, आणि सात दहा दिसणार ते मी लिहिलेलं. हिने स्टुलावर टेकून लिहिलेलं नाही. मग कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवलं काय नि हे काय!

पुसून टाकलं.

"का रे?"

"शनिवार तर शनिवार. साडेबाराला तिच्या नावाने कुणीतरी तिथे बसलं होतं. एवढं तरी खरं आहे."

"आणि मंगळवार?"

"तो मला पाठ आहे. मशीनला नसला तरी चालेल."

चालेल म्हटलं खरं. आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचा, तो विसरलेला पासवर्ड बदलायला घेतला. "काय ठेवू?"

"सुरमई," ती नाक पुसत म्हणाली. "आईपेक्षा वरचढ."

"चढलीयेस फार."

ती आत गेली. तिने मासळी आणली होती, ती साफ करायला घेतली. मधूनच कीबोर्डची खटखट ऐकू यायची, स्वतःच्या नावाने शिरली असणार. मी चूक काढायची सोडून नुसता बसून राहिलो. समोर हिचं नाव होतं, शनिवार होता, बांगडे होते. किती वेळ गेला कळलं नाही. कढईत तेल चुरचुरलं आणि त्यावरून तिचा आवाज आला.

"बाबा, पाऊण तास हात हलला नाही तुझा. झोपलास की..."

तेल तेवढं वाजत राहिलं.

"की काय? पूर्ण विचार," मी म्हटलं.

"की मेलास?"

पुसायला काढलेला चष्मा हातातच होता. तसंच चाचपडत मी एक बटण दाबलं.

"खोटारडा!" ती आतून ओरडली.