मनकर्णेनं वाचलेलं पहिलं वाक्य

तलवाड्याच्या बाजूला माळावर धनगरांची वस्ती आहे, तिथं मुंजाजीचा आवाज माहीत नाही असा माणूस नव्हता. मेंढरं लांब ओढ्यापल्याड पांगली असली तरी त्याची एक हाळी पुरायची. सातवीपर्यंत शिकलेला, त्यामुळं वस्तीवर कुणाचं काही वाचायचं असलं तर तोच मोठ्यानं वाचून दाखवायचा, वर स्वतःचं तिखटमीठ लावायचा. लग्न झालं तेव्हा नव्या नवलाईत त्यानं मनकर्णेलाही अक्षरं शिकवायला घेतलं होतं. ती तोंडाला पदर लावून हसली, "मेंढरं काय अक्षरं बघून चरत्यात व्हय?" तो विषय तिथंच मिटला. पुढं सगळा संसार बोलण्यावर चालला, आणि छान चालला.

तंबाखूनं त्याचा घसा खाल्ला. उन्हाळ्यात संभाजीनगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुंजाजी वाचला, पण आवाज गेला. गळ्याला भोक ठेवलं होतं, त्यातून नुसती हवा यायची-जायची. घरी आल्यावर पहिल्या दिवशी तो सवयीनं मेंढरांच्या वाड्याशी गेला आणि त्यांना हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. मेंढरं खाली मान घालून चघळत राहिली. तो तसाच परत फिरला आणि बाजेवर बसला.

मुलानं, अंगदनं, त्याला पाटी आणून दिली. अंगद आणि सून योगिता घरी होते तोवर त्या पाटीवर निभावलं. बाप लिहायचा, पोरगा वाचायचा. दिवाळी झाली आणि ऊसतोडीची टोळी निघाली. अंगद-योगिता ऊस तोडायला कर्नाटकात गेले. घरात राहिली ती दोघं. एक लिहिणारा आणि एक न वाचणारी.

खाणाखुणांनी पाणी मागता येतं, डोकं दुखतंय म्हणता येतं. पण माणसाला तेवढंच बोलायचं असतं का? तो पाटी भरून लिहायचा, तिच्यापुढं धरायचा. ती अक्षरांकडं बघायची, मग त्याच्या तोंडाकडं. तो पुसून पुन्हा लिहायचा, मोठं लिहायचा, जणू ती बहिरी आहे.

एका दुपारी त्यानं घाईघाईनं काही लिहिलं आणि पाटी तिच्या हातात कोंबली. चेहरा घामानं भिजलेला. मनकर्णा पाटी छातीशी धरून शिवकन्येच्या घराकडं पळत सुटली. शिवकन्या चुलत दिराची लेक, बारावी झालेली.

"शिवे, वाच गं, काय म्हणतेत बघ!"

शिवकन्येनं पाटी घेतली, उलटसुलट केली. "काकू, हिच्यावर तर काहीच न्हाई."

सगळी अक्षरं लुगड्याला पुसली गेली होती. मनकर्णेनं पदराकडं पाहिलं. पांढरा धुरळा, बाकी काही नाही. परत आली तर मुंजाजी कुशीवर वळून भिंतीकडं तोंड करून पडलेला. तिनं पाटी पुढं केली, हात जोडले, "आवो, परत लिवा की." त्यानं हात उचलला नाही. त्या दुपारी त्याला काय सांगायचं होतं, ते तिला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या पायानं शाळेत गेली. सरकारचा प्रौढ साक्षरतेचा वर्ग तिथं भरायचा. तिचं नाव शाळेतल्या प्रविण सरांनी कधीच लिहून नेलं होतं, ती मात्र एकदाही फिरकली नव्हती. शिवकन्याच तिथं स्वयंसेवक म्हणून शिकवायची. बाया हसतखिदळत यायच्या, पुस्तक उघडून गप्पा मारायच्या. मनकर्णा खाली मान घालून गिरवायची.

"काकू, इतकी घाई कावून? सावकाश शिकायचं आसतंय," शिवकन्या म्हणाली.

"मला कमळ-खटारा नगं, बाई. दुखतंय कसं दिसतंय ते दाव. भूक कशी दिसती ते दाव. मला टाइम न्हाई."

खरंच वेळ नव्हता. मुंजाजीच्या घशातली गाठ परत आली होती. नाकात नळी घातली होती, तिच्यातून ती पातळ पेज सोडायची. ती मेंढरांमागं माळावर काटकीनं मातीत अक्षरं काढायची आणि पायानं मोडायची. रात्रीचं शिकलेलं सकाळी विसरायची, स्वतःच्या कपाळावर मारून घ्यायची. म्हातारं डोकं दगडासारखं, पण तीही हट्टाला पेटली होती. हळूहळू अक्षरं ओळख देऊ लागली. एक दिवस तिनं पाटीवरचं 'दार' वाचलं आणि उठून दार उघडलं. मुंजाजी तिच्याकडं बघतच राहिला. मग त्याचे खांदे हलले. तो हसत होता, आवाजाशिवाय.

संक्रांत झाली आणि अंगदचा फोन आला. संभाजीनगरच्या डॉक्टरशी बोललोय, जीप ठरवलीय, बापाला घेऊन जा, भरती कर, मी तिथं पोहोचतो.

तिनं कपडे पिशवीत भरले. मुंजाजी बाजेवरून सगळं बघत होता. त्यानं पाटी ओढली. हात इतका थरथरत होता की खडू दोनदा पडला. लिहून झाल्यावर त्यानं पाटी तिच्याकडं फिरवली.

मनकर्णा ओठ हलवत वाचू लागली. घ, री, च. घरीच. म, रू. पुढचं 'दे' तिनं वाचलं.

घरीच मरू दे.

"मला न्हाई वाचता येत," ती म्हणाली. "लई वाकडं लिवलंय."

तिचे ओठ हललेले त्यानं पाहिले होते. त्यानं बाहीनं पाटी पुसली आणि तेच परत लिहिलं, मोठं. ती परत म्हणाली, "न्हाई येत मला." त्यानं तिचा हात धरला आणि तिचं बोट एकेका अक्षरावर ठेवलं. ती ओरडून रडली. शिकले नसते तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. अडाणी राहिले असते तर जीपमध्ये बसवून नेलं असतं, आणि पाप माथी आलं नसतं.

जीपवाल्याला तिनं परत पाठवलं.

अंगद कर्नाटकातून निघाला, पण तो यायच्या आत मुंजाजी गेला. दहावा झाला. मग एका दुपारी पोरगा म्हणाला, "माय, तू नेमकं काय वाचलं?"

तिनं सांगितलं.

"मरू न्हाई, करू आसंल, माय. घरीच करू दे, इलाजाला डॉक्टरला हितंच बोलव, आसं म्हणत आसतील ते. तू नवशिकी. त्यांचा हात थरथरायचा. म काय आन् क काय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच खोल गेलं. तो परत उसाच्या फडावर गेला आणि मनकर्णेची झोप गेली. डोळे मिटले की पाटी दिसायची, आणि म चा क व्हायचा, क चा म.

मार्चात रविवारी शाळेत परीक्षा होती. दुखवट्याच्या घरातली बाई, ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती आली. पेपर सोडवला. बाकीच्या बाया उठून फोटो काढायला गेल्या, ही प्रविण सरांसमोर उभी राहिली.

"सर, मला दोन शब्द लिवून द्या. मरू आन् करू. कोणता आदी ते सांगू नका."

सरांनी तिच्याकडं पाहिलं, काही न विचारता लिहून दिलं. तिनं पहिल्यावर बोट ठेवलं. "हे करू." मग दुसऱ्यावर. "हे मरू."

"बरोबर, मनकर्णाबाई."

"आन् लिवणाऱ्याचा हात हलत आसला तर?"

 सर कागदाची घडी घालत राहिले.

ती शाळेच्या ओट्यावर येऊन बसली आणि तिनं अंगदला फोन लावला.

"मला दोन्ही शब्द वाचता येत्यात, बाबा. सरांनी तपासलंय. मी बरोबरच वाचलं व्हतं."

पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. 

"माय," अंगद म्हणाला, "जेवलीस का?"

"जेवले," ती म्हणाली. ती सकाळपासून उपाशी होती.