ज्वारीतून आलेली ओ

ह्या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचते. करमणूक म्हणून. आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता बहुतेकांना मनातल्या मनात लोहाच्या गोळ्या लिहून देते. राग मानू नका. मी नर्स आहे, येरमाळ्याच्या बाजूला एका आरोग्य उपकेंद्रात. 'बाहेरचं झालंय' म्हणून आणलेल्या कितीतरी बायकांचं रक्त मी तपासलंय, आणि दर वेळी बाहेरचं काही नसतं, आतलंच असतं. रक्त कमी, झोप कमी, नाहीतर घरात ऐकून घेणारं कुणी नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही ठेवायची इच्छा नाही. पण मागच्या येळवशीला जे झालं ते एकदा सांगून टाकायचंय. घरात सांगायला आता कुणी नाही, म्हणून इथं लिहिते.

आम्ही कळंबला राहतो. मिस्टर पुण्याला कंपनीत, सुट्टी मिळेल तसे येतात. मुलगा एकच, शिवम. मी शिवू म्हणते. तेव्हा तो दहावीला होता.

आमच्या घरी हाक मारली की ओ द्यायची. रीत वगैरे म्हणण्याइतकं ते मोठं नाही, पण माझ्या माहेरी तसंच होतं, आणि शिवूला बोलायला यायच्या आधीपासून ओ देता यायची. गच्चीवर असो, शेजारी असो, न्हाणीत असो... मी 'शिवूऽ' म्हणायचा अवकाश, कुठून तरी 'ओऽऽ' यायचीच. ती ऐकली की पुढचं काही विचारावं लागायचं नाही. खेळतोय, पडलाय, भूक लागलीय की चोरून साखर खातोय, सगळं त्या एका ओमध्ये कळायचं.

मग लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी म्हणून फोन आणला आणि तो घरजावयासारखा कायमचा राहिला. नंतर हेडफोन आले. त्याच सुमाराला त्याचा आवाज फुटला. ओ नेमकी कधी बंद झाली, ते मला सांगता येणार नाही. अशा गोष्टी कुणाच्या लक्षात येत नाहीत, एक दिवस उठून बघावं तर त्या नसतात.

मी काही फोनच्या नावानं खडे फोडणारी बाई नाही. मीही अंथरुणात पडून रील्स बघते. पण स्वयंपाकघरातून एकदा, दोनदा, तीनदा हाक मारायची आणि शेवटी हात पुसत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावायचा, हे रोजचं झालं होतं. हात लावला की असा दचकायचा, जसं काही मी परगावाहून न सांगता आलेय. आत तो ती बंदुकांची गेम खेळत असायचा. सोबत कधी न पाहिलेली पोरं, एक नागपूरचा, एक कुठला तरी इंदूरकडचा. त्यांच्याशी हिंदीतून बोलणं, खिदळणं, 'भाई, पीछे देख' वगैरे. आपला मुलगा इतका छान हसतो, हे मला ताट हातात घेऊन दाराबाहेर उभं राहिल्यावर कळायचं. आत गेले की ते हसू थांबायचं. म्हणून कधी कधी मी उगाच बाहेरच थांबायचे.

आता येळवस म्हणजे काय, ते आमच्या भागाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावंच्या गावं शेतात जातात. कळंबच्या बाजारात चिटपाखरू दिसत नाही. शेतात कडब्याची कोप करायची, म्हणजे छोटी झोपडीच. आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, भज्जी, उंडे, धपाटे, आंबील असं सगळं घरून न्यायचं. पूजा झाली की आंबील घेऊन शेताच्या कडेकडेनं शिंपडत फिरायचं. आमच्या घरात पुढचा माणूस 'ओलगे ओलगे' म्हणतो आणि मागचा 'सालम पलगे' म्हणतो. कानडी आहे म्हणतात. अर्थ विचाराल तर आमच्या भावकीत तरी कुणाला धड सांगता येत नाही.

पुढं मिस्टर आणि मागं छोटा तांब्या घेऊन शिवू, असं आमचं ठरलेलं होतं. लहान असताना त्याला स म्हणता येत नसे. 'थालम पलगे!' असं बेंबीच्या देठापासून ओरडायचा आणि अख्खं रान हसायचं. पुढं शाळेत गेला आणि ते आपोआप सुटलं.

त्या वर्षी मिस्टरांना सुट्टी मिळाली नाही. शिवू म्हणाला, मी येत नाही, त्या दिवशी आमची मॅच आहे. मी चिडले, मग विनवलं, शेवटी रडकुंडीला आले. तेव्हा हेडफोन घेऊन येतो, या अटीवर तो तयार झाला. मीही हो म्हणाले. निदान गाडीवर मागं तरी बसेल.

शेत येरमाळ्याच्या रस्त्याला आहे. गावाचं नाव लिहीत नाही, भावकीतले काही जण ह्या ग्रुपवर आहेत. आमची जमीन चुलत दीर कसतात, त्यांचं रान शेजारीच, आणि कोप दोघांची मिळून एक. भाऊजींनी पूजा केली. ते आणि त्यांची माणसं आंबील घेऊन त्यांच्या रानाच्या कडेनं पलीकडं निघाली. आमच्या बाजूला मी शिंपडते म्हणाले. भाऊजी जाताना एवढंच म्हणाले, "शिवमला घ्या संगं. मागं आवाज द्याया कोण तरी पायजे."

शिवम कोपीच्या तोंडाशी बसला होता, कारण रेंज तिथंच येत होती. कानाला हेडफोन, पाठ माझ्याकडं. मी हाक मारली. परत मारली. तिसऱ्यांदा मारली. मग म्हटलं, जाऊ दे. सणाच्या दिवशी खांद्याला हात लावून दचकवायचं माझ्या जिवावर आलं.

एकटीच निघाले. भर दुपार, ऊन छान पडलेलं, ज्वारी हुरड्यात आलेली आणि माझ्या डोक्याच्या वर. सुरुवातीला 'ओलगे ओलगे' मीच म्हणत होते आणि 'सालम पलगे' पण मीच. स्वतःलाच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देणाऱ्या बाईसारखं वाटायला लागलं. मग दुसरा भाग म्हणायचा सोडून दिला. बांध वळून पलीकडच्या अंगाला गेले, तिथून कोप दिसत नाही. रडू यायला लागलं होतं, पण हातात आंबिलीचं मडकं, डोळे पुसायला हात कुठला. तशीच कशीबशी म्हणाले, 'ओलगे ओलगे'.

आणि मागून, ज्वारीतून आलं — "थालम पलगे!"

मला काय झालं सांगू... मला भीतीबिती वाटली नाही. मला वाटलं, आला! मला खूश करायला मागनं आला आणि लहानपणीचा आवाज काढून चिडवतोय. मी मुद्दाम वळून बघितलं नाही. ह्या वयाची पोरं, आपण बघितलं की लाजतात आणि बंद करतात. मी पुढं चालत राहिले आणि आवाज चढवला. 'ओलगे ओलगे!' आणि मागून दर वेळी, तेवढ्याच जोरात, 'थालम पलगे!' कधी जरा मागं राहायचा, मग पळत आल्यासारखा जवळून यायचा. मी हसत होते. रडत पण होते. किती वर्षांत इतकी सुखी झाले नव्हते, हे त्या बांधावर मला कळलं. म्हटलं, "दमलास का रे?" त्यावर काही नाही. मग रोजच्यासारखी हाक मारली, "शिवूऽ".

"ओऽऽ."

तीच ओ. दमलोय पण मज्जा येतेय, अशी.

शेवटचा कोपरा वळले आणि समोर कोप आली. शिवम होता तिथंच बसलेला. कानाला हेडफोन, पाठ माझ्याकडं.

मडकं हातातून पडलं नाही, एवढंच. मागं वळून बघितलं. नुसती ज्वारी, वाऱ्याशिवाय उभी.

मी जवळ पोचेपर्यंत त्यानं हेडफोन काढून गळ्यात घेतले होते. चेहरा उतरलेला. मला वाटलं मॅच हरला असेल. तो म्हणाला, "मम्मी, इथं कुणाचं बारकं पोरगं आलं होतं का?"

मी विचारलं, का. तर म्हणाला, नागपूरचा पोरगा मघापासून विचारतोय, तुझा छोटा भाऊ आहे का, लई मस्त ओरडतोय. शिवमनं त्याला सांगितलं की मी एकटाच आहे. त्यावर इंदूरचा पण म्हणाला की नाही, तुझ्या अगदी तोंडाजवळ आहे, एकच वाक्य परत परत म्हणतोय, आणि आत्ताच कुणाला तरी ओ दिली. शिवमला स्वतःला काहीच ऐकू आलं नव्हतं. कोपीत तो सोडून कुणी नव्हतं.

मग त्यानं मला विचारलं, "मम्मी, थालम म्हणजे काय?"

त्याला आठवतच नव्हतं. आपण लहानपणी कसं बोलायचो, हे कुणाला आठवतं? ते आईच्या कानात असतं, बाकी कुठंच नसतं. मी त्याला काहीबाही सांगून गप्प केलं.

भाऊजी परत आल्यावर त्यांना इतकंच म्हणाले की ज्वारीत कुणाचं तरी पोर शिरलंय. ते आत जाऊन सगळीकडं बघून आले. "वहिनी, कोण न्हाय. एक धाट बी मोडलं न्हाय," म्हणाले. शेजारच्या रानातली सगळी पोरं त्या वेळी पार रस्त्याकडच्या आंब्याला झोका बांधून खेळत होती, हेही त्यांनीच सांगितलं. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "तुमी आवाज दिला, रानानं घेतला. येळवस हाय. चला, जेवून घ्या."

नंतर मी माझ्या पद्धतीनं सगळं तपासून बघितलं. उपाशी होते, उन्हात होते, मन भरून आलेलं, अशा वेळी कानाला भास होतो. मान्य. मी दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं आणि वर गोळ्या दिल्या असत्या. पण नागपूरच्या आणि इंदूरच्या पोरांना कसला भास? शिवमनं एखादा जुना व्हिडिओ लावला असेल म्हणावं, तर तसा व्हिडिओच नाही. त्याच्या लहानपणीचा माझा फोन पाण्यात पडून गेला, त्यात सगळं गेलं. आज घरात त्याच्या नव्या आवाजाचे ढीगभर व्हिडिओ आहेत, आणि तो जुना आवाज एकाही फोनमध्ये नाही.

त्या दिवसापासून मात्र शिवम बदलला. मी हाक मारली की ओ द्यायचा. पहिल्याच हाकेला. हेडफोनही एकच कानाला, दुसरा कान मोकळा. मी मिस्टरांना फोनवर कौतुकानं सांगितलं, पोरगं सुधारलं. किती दिवस मी त्या आनंदात होते.

एकदा जेवताना मी सहज म्हणाले, बरं वाटतं रे तू ओ देतोस तर. तो ताटाकडं बघत म्हणाला, "मी न्हाय दिली तर ते देईल ना."

माझ्या मायेपोटी नाही, भीतीनं देत होता. घाईघाईनं देत होता, दुसऱ्या कुणी आधी देऊ नये म्हणून. त्यानंतर मीच हाका मारायचं कमी केलं. स्वयंपाक झाला की ताट वाढून त्याच्या खोलीत नेऊन ठेवायचे.

जूनमध्ये तो लातूरला गेला, अकरावीला. होस्टेलमध्ये फोन दिवसभर ऑफिसात जमा असतो, संध्याकाळी थोडा वेळ मिळतो. त्या वेळात बोलतो. बरा आहेस का, हो. जेवलास का, हो. अभ्यास, चाललाय. ठेवू का, ठेव.

मागच्या महिन्यात एका सुट्टीच्या दुपारी घरात एकटीच होते. भाजी निवडता निवडता, खरंच काही मनात नसताना, तोंडातून हाक गेली. "शिवूऽ." गेल्यावर कळलं. देठ हातात धरून मी कान देऊन बसले. फ्रीजचा आवाज येत होता, रस्त्यावरून कुणाची तरी गाडी गेली. ओ आली नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

मग मोबाईल घेतला आणि व्हॉट्सअॅपवर त्याला नुसतं लिहिलं, शिवू. पुढं काही नाही. त्याचा फोन ऑफिसात आहे, कुणी वाचणार नाही, हे माहीत असूनच लिहिलं. ठेवणार तेवढ्यात मेसेजच्या दोन्ही टिक निळ्या झाल्या. आणि एकच अक्षर आलं.

ओ

संध्याकाळी त्याचा नेहमीसारखा फोन आला. बरा आहेस का, हो. जेवलास का, हो. दुपारचं त्यानंही काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. लपवून फोन ठेवला असेल, पोरं ठेवतात. एवढी साधी गोष्ट असेल. शेतातल्या त्या दुपारचं काही मला अजून उलगडलेलं नाही, ह्याचंही उलगडायला नको.

पण तो मेसेज मी रोज उघडून बघते. कानावर पडलेल्या ओमधून मला पोराचं सगळं कळायचं. ह्या लिहिलेल्या ओमध्ये आवाजच नाही, त्यामुळं ती माझ्या कुठल्या शिवूनं दिली, लातूरच्या की ज्वारीतल्या, ते कळत नाही. आणि ती कुणाची असावी असं मला मनापासून वाटतं, ते लातूरच्या शिवूला मी कधीच सांगू शकणार नाही.