टर्बो काढलेली जीप

लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. जे वाचलं ते अभ्यासाचं, आणि त्यात कुठेही आमच्यासारख्यांच्या गाडीचा धूर नव्हता. मी सांगणार आहे ती गोष्ट मात्र त्या धुराचीच आहे. ती सांगताना कुणाला मोठं करायचं नाही आणि कुणाला खाली पाडायचं नाही, एवढं मनाशी धरलं आहे. जमेल न जमेल.

माझे वडील, त्यांना सगळे आबाच म्हणतात, भडगावहून चाळीसगावमार्गे घाट चढून कन्नडपर्यंत काळी-पिवळी जीप चालवायचे. जीप जुनी. मूळचं पेट्रोल इंजिन काढून कुणीतरी आधीच डिझेलचं बसवलेलं. सपाट रस्त्यावर ती बरी चाले, पण कन्नडचा घाट लागला की माणसं भरलेली जीप पहिल्या गियरमध्ये कण्हायला लागे. मधल्या वळणावर रेडिएटर उकळे. आबा बॉनेट उघडून पाणी ओतत, आणि तेवढ्यात मागून येणाऱ्या दुसऱ्या जीपला हात करून आमची दोन-चार माणसं निघून जात. आबा त्यांना काही बोलत नसत. कुणाचा दवाखाना असे, कुणाची कोर्टाची तारीख असे.

धुळ्याला आग्रा रोडवर भंगारवाल्यांची दुकानं आहेत. तिथे आबांना एक टर्बो मिळाला, कुठल्यातरी परदेशी गाडीचा. तो बसवायला मिस्तरीने बरेच दिवस घेतले. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, असं मिस्तरीने मला समजावलं होतं. हवा जास्त म्हणून डिझेलही जास्त सोडायचं, की ताकद वाढते. ती खरंच वाढली. जीप शिट्टी वाजवत घाट चढू लागली. चाळीसगावच्या स्टँडवर बाया विचारू लागल्या, "शिट्टीवाली गेली का?" दुसरे ड्रायव्हर तिला विमान म्हणायचे. "आबा, विमान कितीला उडणार?" असं कुणी म्हटलं की आबा खाली बघून हसत. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी फार पाहिलेलं नव्हतं.

एकच वाईट होतं. चढावर ते जास्तीचं डिझेल जळून जाई, पण उभ्या गाडीला एकदम रेस दिली की हवेच्या आधी डिझेल पोहोचे आणि मागून काळा लोट उठे. मागे उभा असलेला माणूस तोंडाला रुमाल लावी.

दरवर्षी आरटीओकडून जीपचं पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, करून घ्यावं लागे. गाडी मैदानात न्यायची, साहेबांनी तपासायची. पूर्वी धूर कुणी बघत नसे. त्या वर्षी धूर मोजायचं मशीन आलं आणि साहेबही नवे आले. ते आमच्या समाजाचे होते. त्या खुर्चीवर आमच्यातलं कुणी बसल्याचं आमच्या वस्तीत कुणाला आठवत नव्हतं. मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होतो, आणि ते एकदा आमच्या होस्टेलवर आले होते. खाटेवर बसून त्यांनी आम्हा प्रत्येकाला विषय विचारला होता. मी राज्यशास्त्र म्हणालो, तेव्हा म्हणाले, "चांगला आहे, पण इंग्रजी सोडू नकोस." ते वाक्य मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत होतो.

वस्तीत आनंद झाला. माझे काका आबांना म्हणाले, "आता कशाची काळजी? आपला साहेब आहे. गाडीकडे न बघता पास करेल." स्टँडवरही तेच बोलणं, पण त्याची चव वेगळी. एक ड्रायव्हर चहा पिता पिता म्हणाला, "आम्हालाच मशीन लागणार. आबांना काय, साहेब त्यांचाच." बाकीचे हसले. मी सुट्टीवर आलो होतो आणि आबांच्या शेजारीच उभा होतो. आबांनी चहा अर्धा ठेवला.

त्या रात्री जेवताना ते बोलले. घरात आम्ही अहिराणीच बोलतो.

"त्या खुर्चीवर आपला पहिला माणूस बसना शे. बठ्ठा लोके देखी ऱ्हायनात. त्याले डाग लागाले नको."

आई म्हणाली, "आणि गाडी नापास व्हयनी तर?"

"व्हऊ दे."

मग माझ्याकडे वळून त्यांनी सांगितलं, "मैदानमा जयभीम करानं नही. नमस्कार करानं."

मला ते विचित्र वाटलं. ज्यांना वस्तीत सगळ्यात मोठ्याने जयभीम घालायला हवा, त्यांनाच घालायचा नाही. पण आबांचा शब्द होता.

मैदान जिल्ह्याच्या गावाबाहेर, बाभळीच्या बाजूला. गाड्यांची रांग उन्हात उभी. आबांनी फिल्टर साफ करून घेतला होता, नोझल धुऊन घेतले होते. त्यांना वाटत होतं, एवढ्यावर निभेल. आमचा नंबर आला. साहेब स्वतः आले. आबांनी हात जोडून "नमस्कार साहेब" म्हटलं. साहेबांनी मान हलवली, नजर गाडीवरच. माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. मला तेव्हा वाईट वाटलं, हे लिहायला हरकत नसावी.

मशीनवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली. "रेस द्या. पूर्ण दाबा." आबांनी पाय दाबला. जीप शिट्टी वाजवत ओरडली आणि मागे काळा ढग उठला. रांगेतल्या ड्रायव्हरांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं.

"हे काय बसवलंय?"

"टर्बो, साहेब."

"कंपनीचा आहे का या गाडीला?"

"नाही साहेब. घाटासाठी बसवला."

"धूर मर्यादेबाहेर आहे. नापास. दुरुस्त करून आणा."

एवढंच. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, "अरे, यानं तर स्वतःच्याच माणसाला काढलं." आम्ही परत निघालो. पाचोरा मागे पडला. मग आबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "बरं व्हयनं." मला राग आला होता. गाडी नापास झाली, घरी उभी राहणार, आणि हे बरं झालं म्हणतात. पण त्यांच्या चेहऱ्यावर खरंच समाधान होतं, एखादी शंका फिटल्यासारखं.

मिस्तरीकडे गेलो. तो म्हणाला, "आबा, इतकं मनावर कशाला घेता? पंप दाबून देतो. डिझेल कमी येईल, धूर येणार नाही. पास झाली की संध्याकाळी या, परत खोलून देतो. सगळे हेच करतात. साहेब लोकांनाही माहीत आहे."

"टर्बो काढून टाक," आबा म्हणाले.

"काढून? परत कधी लावायचा?"

"लावायचा नाही."

मिस्तरीने हातातला पाना खाली ठेवला. "मग घाट कसा चढणार?"

"आधी चढत होतो तसाच."

मग त्यांनी त्याला कारण सांगितलं, आणि त्यातून मलाही कळलं. पंप दाबून पास केली आणि दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजवत घाटात गेली, तर प्रत्येक ड्रायव्हर ऐकणार. म्हणणार, साहेबानं डोळे मिटून सोडली. शिट्टी लपवता येत नाही. मिस्तरी म्हणाला, "लोक म्हणायचं ते म्हणणारच, आबा." आबांनी टर्बो तिथेच ठेवला, घरी आणला नाही.

दुसऱ्या खेपेला जीप खरोखर पास झाली. मी शेजारी उभा राहून पाहिलं. साहेबांनी इतर गाड्यांना एकदा रेस द्यायला लावली, आमच्या गाडीला पुन्हा पुन्हा. बॉनेट उघडून टर्बोची जागा हाताने चाचपली. धूर निघाला तो राखेच्या रंगाचा, पातळ. मशीनवाल्याने आकडा वाचून दाखवला, साहेबांनी सही केली आणि पुढच्या गाडीकडे गेले. जाता जाता क्षणभर ते थांबले. मला वाटलं काही बोलतील. पण आबांनी हात जोडले आणि वळले. दोघं एकमेकांशी गाडीची विचारपूस आणि तो एक नमस्कार याखेरीज काहीही बोलले नव्हते, आणि तरी मला वाटत होतं की दोघांना एकमेकांचं सगळं समजलं आहे.

दिवाळीत मी घरी आलो आणि आबांबरोबर एक फेरी केली. चाळीसगावला माणसं शिट्टीची वाट बघत नव्हती. आबा भोंगा वाजवत राहिले, तरी जीप अर्धी रिकामी निघाली. घाटातल्या दुसऱ्या वळणावर ती थांबलीच. आबा मागे न बघता म्हणाले, "जरा उतरा बाबांनो, वळण चढू द्या." माणसं उतरून चालू लागली. एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकत चढत होती, मी तिची पिशवी घेतली. मागून एक जीप आली, तिच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "आबा, विमान उतरलं का?" त्याच्यात जागा होती. आमची तीन माणसं त्याच्या गाडीत बसली. म्हातारी थांबली. मला म्हणाली, "तुझ्या बापानं ते यंत्र का काढलं रे?" समाज, खुर्ची, डाग, हे त्या चढावर तिला कसं सांगणार? आबांनी चाकामागे लावलेला दगड काढला आणि जीप हळूहळू वर नेली.

पुढे कन्नडची फेरी त्यांनी सोडली. भडगाव–चाळीसगाव एवढीच उरली. त्या रस्त्याला बसही होत्या, जीपला कुणी फारसं थांबत नसे. आई सांगायची, आबा दुपारीच घरी येतात, गाडी पुसत बसतात. मी विचारलं की आबा म्हणत, "चाली ऱ्हायनं. तू अभ्यास कर." साहेबांचं नाव मात्र वस्तीत चांगलं चाललं होतं. कुणी त्यांचा विषय काढला की आबा शांतपणे ऐकत आणि मध्येच उठून बाहेर जात. आईच्या मते ते खूश होऊन जात.

मग काही दिवस घरून निरोप येईनात. वार्षिक परीक्षा जवळ आली होती, मीही फार विचार केला नाही. होस्टेलवर कुणीतरी उडतउडत म्हणालं की त्या साहेबांबद्दल काहीतरी चाललंय. मी विश्वास ठेवला नाही. परीक्षा संपली त्या दिवशी माझा चुलतभाऊ धुळ्याला आला. होस्टेलच्या फाटकाबाहेर रसाच्या गाडीशी आम्ही उभे राहिलो. त्याने आधी पेपर कसे गेले ते विचारलं, मग ग्लास हातात तसाच धरून सांगितलं.

साहेबांना निलंबित केलं होतं. तक्रार अशी की ते आपल्या समाजाच्या गाड्या न तपासता पास करतात. तक्रारीत सगळ्यात वर आमच्या जीपचा नंबर होता, टर्बो बसवलेली, काळा धूर सोडणारी, घाटात सगळ्यांनी पाहिलेली जीप म्हणून. आबांना ते कळलं त्या दिवशी ते जीप घेऊन ऑफिसात गेले होते, आत टर्बो नाही हे दाखवायला.

"मंग?" मी विचारलं.

"दिवसभर बाकवर बसनात," तो म्हणाला. "गाडी बाहेर उभी. बॉनेट कोनी उघडीसन देखं नही. सांजले एक जन बाहेर उना. आबाले म्हने, तुम्ही त्यांच्याच समाजाचे ना? मग तुमची साक्ष कशी धरायची? घरी जा."