पाचव्या लेनचा एक मीटर

पाचव्या लेनच्या स्टार्टपाशी मी उकिडवा बसलो होतो आणि समोरची फक्कीची रेघ मला चुकीची दिसत होती.

शर्यत होऊन दहा मिनिटं झाली होती. मुलींची चारशे मीटरची फायनल. मंडपाकडून अजून टाळ्या ऐकू येत होत्या. आरती गव्हाणेनं एकोणसाठ पॉइंट नऊ सेकंदांत शर्यत मारली होती. साठ सेकंदांच्या आत येण्यासाठी ती तीन वर्षं धडपडत होती. साठच्या आत आली तरच विद्यापीठाच्या कॅम्पला बोलावणं, आणि कॅम्पमधून पुढं अखिल भारतीय स्पर्धेला. तिचं ते शेवटचं वर्ष होतं.

मी तिथं कसा, ते सांगतो. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात सर्व्हेइंगच्या लॅबला आहे. सर्व्हेइंग म्हणजे जमिनीची मोजणी. आमचं मैदान हर्सूलच्या बाजूला आहे आणि आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धा बरेचदा तिथंच भरतात. ट्रॅक मातीचा, त्यामुळं दर वर्षी रेघा नव्यानं आखाव्या लागतात. पन्नास मीटरची पोलादी टेप माझ्या लॅबमध्ये, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. मी स्वतः बस पकडायलासुद्धा कधी पळालेलो नाही. पण ट्रॅक आखता आखता पळणाऱ्यांना बघायची सवय लागली, आणि आरतीला बघितल्यावर त्या सवयीचं वेड झालं.

पैठण तालुक्यातल्या एका गावची ही मुलगी. घरची मोसंबीची बाग. शाळेत असताना कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर पळायची. ती पहिल्यांदा आमच्या मैदानावर पळाली तेव्हा पाचवी आली होती. पण शेवटच्या शंभर मीटरमध्ये, जिथं सगळ्यांच्या माना मागं जातात, खांदे कानाला लागतात, तिथं हिची मान जागेवर होती. चेहरा शांत. पाय मात्र जळत असणार. चारशे मीटर पळणाऱ्यांना विचारा, शेवटचा तुकडा कसा असतो ते. त्या दिवशी मी घरी जाऊन एका वहीत तिचं टायमिंग लिहिलं. पुढं प्रत्येक स्पर्धेचं लिहीत गेलो. बायको म्हणायची, "स्वतःच्या पोराचे मार्क कधी असे लिहिले नाहीत."

आता त्या रेघेकडं येतो.

चारशे मीटरला प्रत्येक जण आपापल्या लेनमध्ये एक पूर्ण फेरी मारतो. बाहेरची लेन आतल्या लेनपेक्षा लांब असते. म्हणून बाहेरच्या खेळाडूला पुढून सुरुवात देतात. याला स्टॅगर म्हणतात. टीव्हीवर बघताना वाटतं बाहेरचा पुढं उभा आहे, त्याची मजा आहे. तसं नसतं. अंतर सगळ्यांना सारखंच, चारशे मीटर. फक्त ते सारखं आहे की नाही, हे आखणाऱ्याच्या टेपवर असतं.

दुसऱ्या लेनच्या पुढं प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा सात मीटर सदुसष्ट सेंटिमीटर पुढं असते. लांबून बघितलं तर सारख्या पायऱ्यांचा जिना दिसतो. मी त्या दिवशी तिथं गेलो होतो ते आरतीनं स्टार्टिंग ब्लॉक कुठं ठोकले होते ते बघायला. चाहत्याचा उद्योग, दुसरं काही नाही. मोबाइलवर फोटो काढायला खाली बसलो आणि जिना मोडलेला दिसला. चौथीपासून पाचवी पायरी लांब. पाचवीपासून सहावी आखूड.

टेप आणली. मोजलं. आठ सदुसष्ट, आणि पुढं सहा सदुसष्ट. पाचव्या लेनची रेघ बरोबर एक मीटर पुढं होती. म्हणजे आरती तीनशे नव्याण्णव मीटर पळाली होती.

कसं झालं, हे मला तिथं बसल्या बसल्याच आठवलं. सगळा ट्रॅक आम्ही स्पर्धेच्या आधी आखला होता. मी वाचायचो, आमचे लॅब अटेंडंट सुखदेवराव परत वाचायचे. पहिल्या दिवशीच्या हीट्स, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, त्यावरच झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी धूळ बसवायला टँकर आला आणि त्याच्या पाण्यानं पाचव्या लेनची रेघ वाहून गेली. एकच रेघ. सुखदेवरावांनी फिनिश लाइनवर टेपचं शून्य धरलं, मी वळणावरून टेप नेली. तीस मीटर तीन सेंटिमीटरला खूण करायची होती. टेपवर चिखल होता. आणि पलीकडं आरती वॉर्म-अप करत होती. मी तिच्याकडं बघत होतो. एकतीसचा लाल आकडा मी तीसचा समजलो. सुखदेवराव म्हणाले, "मी येऊन बघू का?" मी म्हणालो, "राहू द्या, एकच तर आहे."

एक मीटर म्हणजे तिच्या वेगाला सेकंदाचा साधारण सातवा हिस्सा. एकोणसाठ नऊमध्ये तो मिळवला की साठच्या वर जातं.

ती पहिली आली होती ती तीन-चार मीटरनं. म्हणजे नंबर तिचाच होता. टायमिंग तिचं नव्हतं.

तासाभरानं त्याच रेघांवर मुलांची फायनल होती. त्याआधी रेघ दुरुस्त करावीच लागणार होती. दोन मिनिटांचं काम. बुटानं जुनी फक्की पुसायची, नवी ओढायची. कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, पुसट झाली होती. हे माझं मनात पूर्ण आखून झालं होतं, हे कबूल करतो. वहीत एकोणसाठ पॉइंट नऊ लिहायची जागासुद्धा डोळ्यांसमोर आली होती. मग मी टेप गुंडाळली आणि मंडपाकडं निघालो.

शेख सर आमचे चीफ रेफरी, म्हणजे निकालावर शेवटची सही त्यांची. शाळेत आयुष्यभर पी.टी. शिकवून रिटायर झालेले. निकालाचा कागद त्यांच्या पुढ्यात होता.

मी म्हणालो, "सर, सही थांबवा. पाचवी लेन एक मीटर कमी आहे."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "किसने नापा?"

"मीच. सकाळी चुकीची आखली तीपण मीच."

"देखनेवाला और कौन है?"

"कुणी नाही."

त्यांनी कागद बाजूला सरकवला. मग उठले. "चलो, दिखाओ."

त्यांनी स्वतः टेप धरून मोजलं. शेजारची लेनही मोजली. मग म्हणाले, "रेस रद्द. कल सुबह आठ बजे फिर से, नया ड्रॉ. मुलांची फायनल रेघ दुरुस्त करून होईल, अन् ती रेघ मी वाचणार." चालायला लागले आणि मागं वळून म्हणाले, "और सुनो, बच्ची को तुम्हीच बोलना. मैं नहीं बोलता."

आधी घुगे सर भेटले, आरतीचे कोच. त्यांना कळलं तेव्हा ते माझ्या अंगावरच आले.

"एका मीटरानं काय होतंय हो देशपांडे? ती जिंकली का नाय?"

"जिंकली. पण टायमिंग..."

"त्या टायमिंगपायी तीन वर्षं घातली पोरीनं! उद्या पाय भरून आले तर? दोन दिवस चारशे पळून तिसऱ्या दिवशी परत चारशे? तुम्ही तरी पळलाय का कधी?"

"नाही."

"मग!"

मी पुढं गेलो.

आरती लिंबाच्या झाडाखाली बसली होती. पाय पसरलेले, स्पाइक्स काढून ठेवलेले. फोनवर वडिलांशी बोलत होती. "व्हय आण्णा, साठच्या आत. आता बघा तुम्ही." मला उभं राहिलेलं बघून तिनं फोन ठेवला आणि हसली. मी वेळ न घालवता सांगितलं. पाचवी लेन, एक मीटर, उद्या आठ वाजता.

तिचं हसू लगेच गेलं नाही. हळूहळू गेलं.

"कमी का जास्त, सर?"

"कमी."

ती मोज्यावरची माती झटकत राहिली. मग म्हणाली, "आण्णांना आत्ताच सांगितलं मी. गाडीवर बसून पेढे आणायला निघाले असतील ते पैठणला."

तिनं स्पाइक्स जवळ ओढले.

"तुम्ही तर मोजणी शिकवता ना, सर?"

"हो."

"मग झालं कसं?"

खोटं सांगण्यासारखं पुष्कळ होतं. टँकर होता, चिखल होता. मी म्हणालो, "तुझा वॉर्म-अप बघत होतो. आकडा चुकला."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज चढला नाही. "मग उद्या बघू नका."

मग तिनं फोन उचलला. मी चार पावलं गेलो होतो, तेवढ्यात ऐकू आलं. "आण्णा, पेढे राहू द्या. उद्या परत पळायचंय. नाय, माझी चूक नाय. कुणाची ते घरी आल्यावर सांगते."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी आणि सुखदेवराव मैदानावर गेलो, तर सहाही मुली आधीच आलेल्या. नवीन ड्रॉमध्ये आरतीला दुसरी लेन आली होती. आतली लेन, वळण घट्ट, लांब पायांच्या पोरींना नकोशी. पाचवी लेन आली होती बीडच्या मनीषाला. आदल्या दिवशी आरतीच्या मागं दुसरी आलेली तीच.

मनीषा सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "सर, पाचव्या लेनचं माप मी वाचणार."

शेख सर म्हणाले, "हौ, पढने दो."

मी टेप ताणली. मनीषा जमिनीवर गुडघे टेकून आकड्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली, "तीस मीटर, एक... दोन... तीन सेंटिमीटर." आणि तिकडं फिनिश लाइनवरून आरतीचा आवाज आला, "इकडं शून्य बरोबर हाय गं!" सुखदेवरावांच्या हातातलं टोक तिनं घेतलं होतं. आणखी दीड तासानं या दोघी एकमेकींना हरवायला पळणार होत्या. मी इतकी वर्षं पोरांना सर्व्हेइंग शिकवतोय, इतकं लक्ष देऊन टेप धरलेली बघितली नव्हती.

आठला शर्यत. मला शेख सरांनी पलीकडच्या वळणावर उभं केलं होतं, पिवळं निशाण घेऊन. लेनची रेघ कुणी तुडवली तर खूण करायची, एवढंच काम. मधल्या गर्दीमुळं तिथून फिनिश दिसत नाही.

पिस्तूल वाजलं. माझ्यासमोरून त्या गेल्या तेव्हा मनीषा पुढं होती, बरीच. आदल्या दिवशी ती जपून पळाली होती, आज सुरुवातीपासून सुटली होती. आरती आतून तिच्यामागं. पाय भरून आलेले दिसत होते, पाऊल नेहमीसारखं मोकळं पडत नव्हतं. पण मान जागेवर होती. मी लेनच्या रेघांकडंच बघत होतो, असं म्हणायला हवं. खरं तर बघत नव्हतो. आरतीचा एवढा एक शब्द मला पाळता आला नाही.

शेवटच्या सरळ पट्ट्यात काय झालं ते फक्त ऐकलं. आधी बीडच्या पोरींचा आरडाओरडा, मग आमच्या बाजूचा, मग दोन्ही एकत्र. मी निशाण खाली ठेवून मैदान आडवं ओलांडून निघालो. मध्येच घुगे सर पळत येताना दिसले. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, हात वर करून. माझ्याजवळून जाताना ओरडले, "हरली! हरली हो पोरगी!" आणि हसत होते.

मला काही कळेना. टेबलापाशी गेलो. हातातल्या घड्याळावरच्या टायमिंगला प्रत्येक नंबरासाठी तीन माणसं असतात आणि मधलं टायमिंग धरतात. शेख सरांनी तिन्ही घड्याळं बघून कागदावर लिहिलं. मनीषा पहिली, एकोणसाठ पॉइंट सहा. आरती दुसरी, एकोणसाठ पॉइंट सात.

आदल्या दिवशी एक मीटर कमी पळून जे जमलं होतं, त्याहून दोन दशांश लवकर. पूर्ण चारशे. आतल्या लेनमधून, भरलेल्या पायांनी. पुढं मनीषा होती म्हणून. दोघीही साठच्या आत, दोघीही कॅम्पला.

आरती मातीत आडवी पडली होती आणि मनीषा तिचे पाय वर धरून हलवत होती. मी जवळ गेलो. आरतीनं डोळे उघडले.

"माप नीट होतं ना, सर?"

"होतं."

"मग लिहा आता तुमच्या वहीत."

वहीचं तिला कुणी सांगितलं, कोण जाणे. सुखदेवरावच असणार.

अखिल भारतीय स्पर्धेत आरती हीटमध्येच बाहेर पडली. मनीषा सेमीफायनलपर्यंत गेली. आरती आता बी.पी.एड. करते आणि सकाळी शाळेच्या मुलींना पळवते. घुगे सर माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. नंतर त्यांना लांब उडीचा खड्डा आखून हवा होता, तेव्हा बोलले. मला कॉलेजनं एक मेमो दिला. तो योग्य होता.

या सगळ्यातून कामापुरतं शिकलो ते एवढंच. दुरुस्तीचं माप हेसुद्धा नवीन मापच असतं, एका रेघेचं असलं तरी ते दुसऱ्यानं वाचायचं. हा दुसरा शक्यतो निकालाशी देणंघेणं नसलेला असावा. तसा मिळाला नाही, तर माप चुकल्यावर ज्याचं नुकसान होणार आहे त्याला वाचायला बसवावं. तो जास्त नीट वाचतो.