डाव्या खिशातला वायसर

टॅबलेट हिरवा झाला. मी चहाला निघालो. डाव्या खिशात हात घातला तर एक वायसर उरलेला.

चाकणला एका प्रेस शॉपमध्ये मी डाय सेटर आहे. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा. तो बदलला की नऊ कामं तपासून टॅबलेटवर नऊ टिका मारायच्या. मग स्क्रीन हिरवी होते, प्रेस सुरू होते. मी दुसरी शिकलेला. ती अक्षरं मला लागत नाहीत. बायको, मंदा, दहावी होती. स्क्रीनचा फोटो बघून तिनं काळेवाडीच्या खोलीत क्रम पाठ करून घेतला आणि नऊ वायसर दिले, बोल्टखाली घालतात त्या चकत्या. एक काम, एक टिक, एक वायसर उजव्या खिशात. मंदा जाऊन सहा महिने झाले. क्रम राहिला.

नववं काम लाइट कर्टनचं. प्रेससमोरचा किरणांचा पडदा. हात आत गेला की प्रेस थांबते. डाय बसवताना तो चावीनं बंद करतात. मी चावी परत फिरवलीच नव्हती.

मागं पाहिलं. प्रेस चालवणारी संगीता पत्रा आत सरकवत होती. धावलो, लाल बटण दाबलं.

"काय ओ काका, माझं टार्गेट तुमी भरणार का?"

"हात बाहेर घे आधी. पडदा बंद हाय."

तिनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. तो मागं ओढला.

केबिनमध्ये साहेब म्हणाले, "शनिवारी अ‍ॅप अपडेट झालं. दोन टिकांची एक केली, कर्टन तिसऱ्या नंबरला घेतलं. तिथं तुमची टिक आहे."

"तिसरं बोल्टचं असतं, साहेब. बोल्ट मी आवळले."

"वाचलं नाही?"

नोकरी जाणार, दिसत होतं. मग दिवसभर त्या रिकाम्या खोलीत बसायचं. तरी सांगितलं. "वाचता येत न्हाई."

"ट्रेनिंगच्या कागदावर सही आहे तुमची."

"सही येती. ट्रेनिंग झालंच न्हाई. कागद चहाबरोबर फिरला."

साहेबांनी तो कागद काढून पाहिला. खाली त्यांचीही सही होती.

नोकरी राहिली. महिनाभर स्टोअरला बसवलं. जेवणाच्या सुट्टीत संगीता यादीची एकेक ओळ माझ्याकडून वाचून घ्यायची आणि चुकलो की खेकसायची. आता वाचून टिक मारतो. वेळ लागतो. वायसर खिशात असतात, नऊच.

यादीत आठ कामं आहेत. टिक मारणाऱ्याला वाचता येतं का, हे तपासायचं काम त्यात अजून नाही.