एकाच विक्रीचे दोन आकडे

अमरावतीहून अकोल्याला जाताना एसटीत माझ्या शेजारी एक चाळिशीचा माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. चष्मा सारखा कपाळावर सरकवायचा, पुन्हा डोळ्यांवर घ्यायचा. मी विचारलं, तर म्हणाला, "आमची कंपनी संत्रे विकते. अमरावती अन् अकोला, दोन्ही ऑफिसांत रिपोर्टचं सॉफ्टवेअर वेगळं होतं. ते मी एकात आणून राहिलो. उद्या जुनं बंद होते, अन् एकाच महिन्याच्या विक्रीचे दोन आकडे येऊन राहिले. चुकलं कोण, तेच समजून नाही राहिलं."

शेवटी त्यानं दोन्ही ऑफिसांना एकाच वेळी फोनवर घेतलं. "तुमी विक्री कधी धरता?"

ट्रक निघाला की, अमरावतीवाले म्हणाले. माल पोचला की, अकोल्यावाले म्हणाले.

त्यानं फोन ठेवला. "चुकलं कोणीच नाही, मॅडम. इतके वर्षं सारे एकच शब्द बोलून राहिले, पण त्याचा अर्थ कोणी कोणाले विचारलाच नाही."

मग त्यानं 'निघालेला माल' आणि 'पोचलेला माल' असे दोन रकाने केले आणि लॅपटॉप मिटला. खिडकीबाहेर पाहत त्यानं हळूच विचारलं, "मूर्तिजापूर गेलं काय?"

"केव्हाच गेलं," मी म्हणाले.

"मले तिथंच उतरायचं होतं."